गाडी कुठं बनली, आणि कोणासाठी बनली

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी दार उघडतो, लावतो आणि कान देऊन आवाज ऐकतो. भरीव 'ठप्प' ऐकू आलं की समाधान, पत्र्याचा डबा वाजल्यासारखं वाटलं की तोंड वाकडं. मग बॉनेटवर अंगठा दाबून पत्रा किती बसतो ते बघतो आणि विचारतो, "इथलीच, की बाहेरची?" पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात घरोघरी कोणी ना कोणी शॉप फ्लोअरवर काम करतं. तिथंही हा प्रश्न तितक्याच श्रद्धेनं विचारला जातो. गाडीचा दर्जा तिच्या देशावरून ठरतो, ही समजूत आली कुठून?

देश शोधणं सोपं आहे. सतरा अक्षरांच्या चासी नंबरात सुरुवातीलाच तो लिहिलेला असतो. 'जे' म्हणजे जपान, 'डब्ल्यू' म्हणजे जर्मनी, १, ४ किंवा ५ म्हणजे अमेरिका. भारतातल्या गाड्यांचे क्रमांक 'एमए', 'एमबी' अशा जोड्यांनी सुरू होतात. पण गाडी कशी बनली, हे सांगणारं अक्षर त्या सतरांत नाही.

देशाच्या शिक्क्याचा इतिहास जवळजवळ मोटारीइतकाच जुना आहे. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जर्मन माल बघून फ्रान्झ रोयलो या जर्मन अभियंत्यानंच आपल्या देशाचा माल 'स्वस्त आणि वाईट' असल्याचं लिहिलं. सुऱ्या-कात्र्यांच्या धंद्यात इंग्लंडचं शेफील्ड आणि जर्मनीचं झोलिंगन यांची चुरस होती आणि जर्मन माल इंग्रजी नावानं खपतो अशी तक्रार होती. म्हणून १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाचं नाव घालायला लावलं. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का त्यातून आला. गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी मारलेला तो शिक्का पुढच्या काही दशकांत अभिमानाचा झाला. त्या काळात जर्मनीची माती बदलली नव्हती, कारखाने बदलले होते.

जपानचंही तेच. टोयोटाने १९५७-५८ मध्ये क्राऊन अमेरिकेत नेली तेव्हा तिथल्या महामार्गांच्या वेगाला ती टिकली नाही. गरम व्हायची, थरथरायची. थोड्याच वर्षांत कंपनीने ती तिथून मागे घेतली. पण ज्या गोष्टीने पुढे टोयोटाचं नाव झालं, ती त्यांच्या घरात आधीपासून होती आणि तिचं मूळ विणकामात होतं. टोयोटाचं मूळ ज्या घराण्यात, त्यातल्या साकिची तोयोदा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाची खासियत अशी, की धागा तुटला की माग आपोआप थांबे. इचलकरंजी-मालेगावच्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. तुटलेला धागा वेळेत दिसला नाही तर वारच्या वार कापड वाया जातं. हाच विचार मोटारीच्या लाईनवर आला. चूक दिसताच कामगाराने दोरी ओढायची, आणि जागेवर दुरुस्त झाली नाही तर लाईन थांबवायची. चूक पुढच्या माणसाकडे ढकलायची नाही. त्याला जोड मिळाली ती १९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघटनेने बोलावलेल्या डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाच्या शिकवणीची. शेवटी तपासून खराब माल बाजूला काढण्यापेक्षा बनवतानाच फरक कमी करा, हा त्याचा गाभा.

हा 'फरक' काय असतो, ते फोर्डच्या एका गिअरबॉक्सने दाखवलं. १९८० च्या दशकात फोर्ड एकाच ड्रॉइंगचे गिअरबॉक्स स्वतः बनवत होती आणि जपानच्या माझ्दाकडूनही घेत होती. माझ्दाचे गिअरबॉक्स शांत चालायचे आणि वॉरंटीत कमी परत यायचे. दोन्ही उघडून मोजले. फोर्डचे भागही टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेत, बसत होते, म्हणजे तपासनिसाच्या लेखी पास होते. पण माझ्दाचे भाग एकमेकांशी इतके सारखे निघाले, की मोजणाऱ्यांना आधी आपलं गेजच, म्हणजे मापायचं साधनच, बिघडलं असावं असं वाटलं. बिल्ड क्वालिटी म्हणून आपण जे बोटांनी चाचपतो, त्याच्या बुडाशी हेच आहे. दार आणि फेंडर यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी असणं, आणि या गाडीत आहे तशीच ती पुढच्या हजाराव्या गाडीत असणं.

मग हा गुण जपानी रक्तातला म्हणायचा का? याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्यात मिळालं, आणि या सगळ्या इतिहासात मला तेच प्रकरण सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

जनरल मोटर्सचा तो कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. कंपनीच्या सर्वांत वाईट कारखान्यांत त्याची गणना व्हायची. गैरहजेरी प्रचंड, युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात उभा दावा. रागाच्या भरात दाराच्या पोकळीत रिकाम्या बाटल्या आणि सुटे बोल्ट टाकून दिले जायचे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या गाडीत आवाज येत राहील, असं नंतर तिथल्याच माणसांनी सांगितलं. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने भागीदारीत तोच कारखाना उघडला. भरती केली ती मुख्यतः त्याच जुन्या कामगारांची, युनियनही तीच ठेवली. त्यांच्यातल्या तुकड्या जपानला टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवल्या. ज्या माणसांना लाईन थांबवली तर नोकरी जाईल अशी धास्ती होती, त्यांच्या हातात आता लाईन थांबवायची दोरी दिली.

दोन-तीन वर्षांत झालेल्या मोजणीत तिथल्या दर १०० गाड्यांमागे जोडणीचे दोष ४५ च्या आसपास होते, ताकाओकाइतकेच. जनरल मोटर्सच्या मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्यात ते जवळजवळ तिप्पट होते. देश तोच, माणसंही तीच. बदलली होती कामाची पद्धत आणि माणसावरचा विश्वास. पुढे त्या एकाच लाईनवर टोयोटा कोरोला आणि जनरल मोटर्सच्या नावानं विकली जाणारी तिची जुळी बहीण जिओ प्रिझम बनत असताना जुन्या बाजारात कोरोलाला जास्त भाव मिळायचा. जनरल मोटर्सला मात्र हा धडा आपल्या बाकीच्या कारखान्यांत नेताना फार जड गेलं. २०१० मध्ये तो कारखाना बंद झाला आणि टेस्लाने विकत घेतला.

आपल्याकडची गोष्ट याच चौकटीत बघावी लागते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी मूळची इटालियन फियाट. ती खराब का व्हायची, याचं उत्तर मराठी माणसाच्या हातात शोधू नये. उत्पादन सरकारी परवान्यांत बांधलेलं होतं त्या परवाना राजमध्ये गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. जी गाडी बनण्याआधीच विकली गेली आहे, तिच्या दाराची फट सुधारायला कोण जीव टाकणार? १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती गेली. सुरुवातीच्या गाड्या बव्हंशी जपानहून आलेल्या सुट्या भागांवर उभ्या होत्या, आणि 'जपानी पार्टवाली मारुती' म्हणून लोक त्या जपायचे. पण हरयाणातल्या त्या कारखान्याचं खरं काम पुढचं होतं. हळूहळू इथले पुरवठादार उभे करायचे आणि त्यांच्याकडून सुझुकीच्या मापाचा भाग काढून घ्यायचा. गाडीतले हजारो भाग बाहेरच्या लहान-मोठ्या कारखान्यांतून येतात. देशाचा परिणाम खरोखर होतो तो इथं. साचे बनवणारे, ओतकाम करणारे, रबर-प्लास्टिकवाले जितके मुरलेले, तितकी गाडी चांगली. १९९५ मध्ये मर्सिडीजची जोडणी पिंपरीत सुरू झाली ती परदेशातून आलेल्या सुट्या भागांच्या संचांवर. पुण्याच्या या पट्ट्यात आज जो पुरवठादारांचा गोतावळा दिसतो, तो घडायला दशकं गेली.

पण देशाचा दुसरा परिणाम याहून मोठा आहे आणि तो कारखान्यातून येतच नाही. गाडी कुठं विकली जाणार, तिथला कायदा काय मागतो, यावर तो ठरतो. २०१६ मध्ये अमेरिकेत दोन निसान एकमेकींवर आदळवल्या, मेक्सिकोतल्या बाजारात विकली जाणारी त्सुरू आणि अमेरिकेत विकली जाणारी व्हर्सा. त्सुरूच्या चालकाची जागा अक्षरशः चेपून गेली, व्हर्साची शाबूत राहिली. दोन्ही गाड्या मेक्सिकोतच बनलेल्या होत्या.

आपलीही हकिकत वेगळी नाही. जानेवारी २०१४ मध्ये गाड्या आदळवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्यांच्या धडक चाचणीचे निकाल जाहीर केले आणि प्रौढांच्या सुरक्षेत पाचही शून्यावर आल्या. त्यांत चाकणची पोलोही होती. तिचा सांगाडा धडकेत टिकला होता, पण चाचणीतल्या मूळ प्रकारात एअरबॅगच नव्हत्या. दोन एअरबॅग बसवून तीच पोलो पुन्हा आदळवली तेव्हा चार तारे मिळाले. कारखाना तोच, सांगाडाही तोच. बाकीच्या काहींचा सांगाडाच कमकुवत निघाला, आणि त्याला एअरबॅगचा उतारा नव्हता. अंगठ्याने पत्रा दाबून यातलं काहीही कळत नाही, कारण धडकेचा जोर वरचा पत्रा झेलत नाही, आतले खांब आणि आडवे तुळ्यांसारखे भाग झेलतात. डिसेंबर २०१८ मध्ये रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला त्या चाचणीत पहिल्यांदाच. मधल्या काळात धडक चाचणीचा नियम लागू होऊ लागला होता आणि गिऱ्हाईक तारे विचारायला लागलं होतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची तारे देणारी यंत्रणाही सुरू झाली.

आता इथल्या गाड्या जपानला जातात. मारुतीची फ्राँक्स २०२४ मध्ये गेली. गुरुग्रामला बनणाऱ्या पाच दारांच्या जिम्नीला जपानमध्ये जानेवारी २०२५ च्या अखेरीस इतकी मागणी आली, की चारेक दिवसांत सुमारे ५०,००० नोंदण्या झाल्या आणि सुझुकीला नोंदणी थांबवावी लागली. 'मेड इन इंडिया' म्हणून तिथल्या गिऱ्हाइकाने नाक मुरडलं नाही. पण जपानच्या बाजारात उतरलेल्या फ्राँक्सला समोर अडथळा दिसताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा होती, आणि त्याच वेळी आपल्या शोरूममध्ये उभ्या असलेल्या फ्राँक्सला ती नव्हती.