फर्निचर मोजता येतं, मग ‘मेनी’ का नाही?

इंग्रजीच्या तासाला एक नियम घोटून घेतला जातो: मोजता येईल त्याला ‘मेनी’, मोजता येणार नाही त्याला ‘मच’. केळ्यांना मेनी, पाण्याला मच. मग एखादं चौकस पोरगं विचारतं, ‘पैसे तर मोजतातच की, मग मच मनी का?’ उत्तर मिळतं, ‘अपवाद आहे, पाठ कर.’ अपवाद कसला! नियमच चुकीच्या पायावर उभा आहे.

मोजता येणं हा वस्तूचा गुण, तर ‘मेनी’ लागणं हा नामाचा. दोन्ही बहुतेक वेळा जुळतात, नेहमी नाही. आपणही पोहे भिजवले म्हणतो आणि साबुदाणा भिजवला म्हणतो. दाणे दोन्हीकडे सुटेच. इंग्रजीत तांदूळ हा ढीग, वाटाणे मात्र सुटे. तेही पूर्वी सुटे नव्हते. जुना शब्द ‘पीज’ एकवचनीच होता. शेवटचा ‘झ’ अनेकवचनाचा असावा असं वाटून लोकांनी सतराव्या शतकात त्यातून ‘पी’ वेगळा काढला.

आता खरी गंमत. डेव्हिड बार्नर आणि जेसी स्नेडेकर या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एकाकडे एकच भलीमोठी वस्तू, दुसऱ्याकडे तशाच तीन चिमुकल्या. तिन्ही मिळूनही मोठीएवढ्या भरत नाहीत. प्रश्न एकच: कोणाकडे ‘मोअर’ आहे? ‘मोअर’ हा शब्द मुद्दाम घेतला, कारण तो मच आणि मेनी दोघांच्याही वतीने बोलतो. बुटांबद्दल विचारलं तर लोक तीनवाल्याकडे बोट दाखवत, टूथपेस्टबद्दल विचारलं तर मोठ्या गोळ्याकडे. दगडांचं चित्र तेच ठेवून ‘मोअर स्टोन’ म्हटलं तर मोठा धोंडा जिंके, ‘मोअर स्टोन्स’ म्हटलं तर तीन खडे. एका ‘स’ने उत्तर फिरलं! आणि फर्निचर? त्याला ‘स’ही लागत नाही आणि ‘मेनी’ही चालत नाही, तरी लोकांनी नगच मोजले. चार वर्षांच्या मुलांनीसुद्धा.

म्हणजे व्याकरणाचा हा दिवा एकाच बाजूने पेटतो. अनेकवचनाचा प्रत्यय लागला की मोजणी ठरलेली. तो नसला तर मात्र काहीच ठरत नाही. नग बघायचे की आकारमान, हे त्या नामाच्या अर्थावर सोडलेलं असतं. तर्कशास्त्राच्या अंगाने पाहिलं तर पाण्यात पाणी मिळवलं की पाणीच राहतं, केळ्यांत केळी मिळवली तरी केळीच; पण एका केळ्यात दुसरं मिळवलं तर ‘एक केळं’ राहत नाही. बेरजेच्या बाबतीत अनेकवचन पाण्याच्या पंगतीला बसतं. फरक भागाकारात आहे: पाण्याचा निम्मा भाग पाणीच, खुर्चीचा तुटका पाय फर्निचर नव्हे.

‘भाषा बदलली की जगच वेगळं दिसतं’ असे दावे करणाऱ्यांसाठी एक टीप: जपानीत नामांची अशी विभागणी नाही. तरी 2009 च्या अभ्यासात जपानी भाषकांनीही फर्निचरचे नगच मोजले.

राहिला ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’चा वाद. दोन्हींचा अर्थ ‘कमी’; नियम सांगतो, मोजायच्या वस्तूंना ‘फ्यूअर’, बाकीच्यांना ‘लेस’. मोजायच्या वस्तूंना ‘लेस’ लावणं ही आजच्या पिढीची भ्रष्ट सवय, असं समजणारे बरेच आहेत. पण नवव्या शतकात राजा आल्फ्रेडच्या इंग्रजीत ‘लेस’ बिनदिक्कत ‘शब्द’ या मोजता येणाऱ्या नामाला लागलेला आहे. तेव्हा पुढच्या नामाला षष्ठी लागे, ‘शब्दांपैकी कमी’ अशा थाटाची. षष्ठी झडली, ‘लेस’ राहिला. ‘फ्यूअर’चा आग्रह 1770 मध्ये रॉबर्ट बेकरच्या इंग्रजी भाषेवरच्या पुस्तकात दिसतो, आणि त्यानेही ‘मला हे अधिक शोभिवंत आणि काटेकोर वाटतं’ असं स्वतःचं मत म्हणूनच म्हटलं होतं. पुढच्यांनी त्याच्या आवडीचा कायदा केला. 2008 मध्ये ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानसाखळीने ‘टेन आयटम्स ऑर लेस’ या पाटीऐवजी ‘अप टू टेन आयटम्स’ लिहायला घेतलं आणि भांडणच टाळलं.

परीक्षेत ‘फ्यूअर बुक्स’ लिहा, मार्क कापले जाणार नाहीत. पण ‘दहा मिनिटांपेक्षा कमी’, ‘पाच किलोमीटरपेक्षा कमी’ म्हणताना ‘लेस’च घ्या. तिथे मिनिटं किंवा किलोमीटर एकेक करून मोजायचे नसतात. सगळा मिळून एकच वेळ असतो, एकच अंतर.