इंडियन डिफेन्स (बुद्धिबळ)

पांढऱ्यानं वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं की काळ्यानं प्याद्याला प्यादं न भिडवता राजाकडचा घोडा आधी एफ६ वर काढायचा (पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच अक्षरं, आडव्यांना १ ते ८ आकडे, त्यावरून घराचं नाव), याला इंडियन डिफेन्स म्हणतात. किंग्ज इंडियन, निम्झो-इंडियन, क्वीन्स इंडियन, ग्रुनफेल्ड हे सगळे याच कुळातले.

नावावरून मात्र लय वाद आहे. १८८४ च्या सुमारास ते छापात सापडतं आणि कलकत्त्याच्या मोहेशचंद्र बॅनर्जींच्या खेळावरून पडलं असं सांगतात. दुसऱ्या मताप्रमाणे १९२० च्या दशकात बुद्धिबळपटू टार्टाकोवरनं ते रूढ केलं, कारण उंट कोपऱ्यातून तिरपा रोखायची चाल देशी डावातली, म्हणजे भारतातल्या जुन्या नियमांच्या बुद्धिबळातली. मला ही दोन मतं एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत, कारण बॅनर्जी देशी डावातच तयार झालेले, १८५० च्या आसपास कलकत्त्याच्या क्लबातल्या एकाला ते मुफस्सिलात सापडले, म्हणजे खेड्यापाड्यात, आणि तिकडं त्यांना कोणी हरवलं नव्हतं म्हणे. देशी डावात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालते, किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र चाल) नसतो, राजा शह बसायच्या आधी एकदाच घोड्यासारखा अडीच घरं जातो. आमच्या वर्धेकडच्या गावात कापूस वेचणी उरकली की पारावर म्हातारे असाच डाव मांडायचे आणि कोणी पोट्ट्यानं प्यादं दोन घरं टाकलं की हात धरून मागं ठेवायला लावायचे. एकेक घरानं चालायची सवय असलेला माणूस ‘जी’ ओळीतलं प्यादं एक घर सरकवून मागं उंट बसवणारच, त्यात नवल काय!

मे १८५५ मधला बॅनर्जी आणि स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रन यांचा डाव यासाठी फार मोलाचा. घोडा एफ६, प्यादं जी६ आणि तिसऱ्या खेळीला प्यादं डी५, म्हणजे आज ज्याला ग्रुनफेल्ड म्हणतात तेच, आणि ज्याच्या नावानं ते ओळखलं जातं त्या ग्रुनफेल्ड या खेळाडूनं ते खेळलं १९२२ मध्ये! डाव मात्र बॅनर्जी हरले. १८ व्या खेळीला कॉक्रनच्या घोड्यानं एफ७ चं प्यादं मारलं, बॅनर्जींनी घोडा ए५ वर नेऊन वजिरावर रोखला, तिथंच फसले: कॉक्रनचा घोडा एच६ वर, दुहेरी शह, राजा कोपऱ्यात, मग वजीर जी८ वर बळी, हत्तीनं तो घेतला की घोडा परत एफ७ वर आणि स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला मात.

विदर्भात नागपूरचे रौनक साधवानी ग्रँडमास्टर झाले, दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला. पारावरचा पट आता क्वचितच दिसतो.