डीपी

डीपी ही दोनच अक्षरं, पण नाशिक जिल्ह्यात कोण बोलतंय आणि कुठं उभं राहून बोलतंय त्यावर त्याचा अर्थ ठरतो. निफाडच्या मळ्यात डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, गंगापूर रोडला प्लॉटचा व्यवहार चालू असेल तर डीपी म्हणजे महापालिकेचा विकास आराखडा, आणि कॉलेज रोडच्या पोरांना विचाराल तर व्हॉट्सॲपवरचा गोल फोटो. लाँगफॉर्म कोणी सांगत बसत नाही आणि घोटाळाही फारसा होत नाही, कारण बोलताना लिंग बदलतं ना. ट्रान्सफॉर्मर असेल तर ती डीपी, आराखडा किंवा फोटो असेल तर तो डीपी. "डीपी बदलली" म्हटलं की वस्तीवर लाईट आली, "डीपी बदलला" म्हटलं की कोणाचा तरी साखरपुडा झाला असणार. फोटोलाही ती म्हणणारे भेटतात, तिथं मग मागचंपुढचं बघून समजून घ्यायचं.

यातली सगळ्यात जड डीपी अर्थातच विजेची. नावाचे दोन खुलासे ऐकायला मिळतात. लाईनवर काम करणारे डबल पोल सांगतात, कारण दोन खांब रोवून मध्ये लोखंडी चॅनल टाकतात आणि त्यावर ट्रान्सफॉर्मर चढवतात, त्या सांगाड्याला डीपी स्ट्रक्चरच म्हणतात. बाकीचे डिस्ट्रिब्युशन पॉइंट सांगतात. पहिला खुलासा जास्त पटतो, पण आता खांबांचं काही राहिलेलं नाही, शहरात जाळीच्या कुंपणात जमिनीवर ठेवलेला ट्रान्सफॉर्मर पण डीपीच. सरकारी कागदावर त्याला रोहित्र म्हणतात, मळ्यात हा शब्द कोणी उच्चारला तर माणूस बाहेरचा आहे हे लगेच कळतं.

काम सोपं, ११ केव्हीची म्हणजे ११ हजार व्होल्टची लाईन येते ती उतरवून ४३३ व्होल्टवर थ्री फेज द्यायची, त्यावर मोटारी चालतात. शेतातली डीपी साधारण ६३ नाहीतर १०० केव्हीए क्षमतेची. वर तीन डिओ म्हणजे ड्रॉपआउट फ्यूज लटकलेले, मधे तेलाची राखाडी टाकी, खाली पेटी, पेटीचं दार बहुतेक वेळा गायब आणि आत किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूज बसवायच्या खोबणीत, तारेऐवजी कोणीतरी जाड तांब्याचा तुकडा अडकवलेला. तिथंच गोम आहे. मंजूर मोटारी एवढ्या, प्रत्यक्षात चालतात तेवढ्या, वर आकडे टाकलेले वेगळेच, आणि रात्री लाईट आली की सगळ्यांचे ऑटो स्विच एकाच क्षणाला मोटारी उचलतात, मोटर सुरू होताना करंट नेहमीच्या पाच-सहा पट ओढते, फ्यूज उडायला पाहिजे तर तिथं तांबं, मग आतली कॉइल जळते. तेल कमी झालेलं असेल तर आणखी लवकर. तेल आणि तांबं चोरणारे आहेतच.

डीपी जळाली की आधी वायरमनला फोन, मग कोणाचं किती बिल थकलंय याच्यावर बांधावर वादावादी, मग वर्गणी, मग कोणाचा तरी पिकअप. आणि हे सगळं नेमकं उन्हाळ कांद्याच्या पाण्याला नाहीतर द्राक्षाचे मणी फुगायच्या वेळेला. एका डीपीवर खूप शेतकरी नकोत म्हणून २०१८ साली एचव्हीडीएस योजना आली, उच्चदाबाची लाईन मळ्यापर्यंत न्यायची आणि एकदोन शेतकऱ्यांना मिळून छोटी स्वतंत्र डीपी द्यायची. आपली डीपी असली की माणूस तिला जपतो, आकडा टाकू देत नाही, योजनेतली ही अक्कल मला आवडते. राज्य वीज मंडळाचं, म्हणजे एमएसईबीचं, विभाजन होऊन २००५ साली महावितरण झाली तरी बोलण्यात अजून एमएसईबीच आहे. एकलहऱ्याचं ६३० मेगावॅटचं वीज केंद्र याच जिल्ह्यातलं, पण ती वीज ग्रीडमध्ये जाते, त्यामुळे चिमण्या दिसतात तिथल्या मळ्यातही डीपी गेली की अंधारच.

दुसरा डीपी नगररचनेचा, म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन. १९६६ च्या एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने तो करावा लागतो आणि वीस वर्षांनी सुधारावा लागतो. नाशिक महापालिका १९८२ ची, पहिला आराखडा मंजूर झाला १९९३ ला आणि सुधारित २०१७ ला, म्हणजे वीस वर्षं कधीच उलटून गेलेली. "जमीन डीपीत गेली" याचा अर्थ त्या गटावर रस्ता, शाळा, गार्डन असं काहीतरी आरक्षण पडलं. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, मुदतीत काही हललं नाही तर आरक्षण सुटतं. म्हणून सात-बारा बघणारा शहाणा माणूस झोन दाखला, म्हणजे आराखड्यात ती जमीन कशासाठी धरलीय त्याचा कागद, पण मागतो. डीपी रोड म्हणजे आराखड्यात आखलेला रस्ता, जमिनीवर असेलच असं नाही. एजंटच्या बोर्डावर "३० मीटर डीपी रोड टच" लिहिलेलं असतं आणि जागेवर गेलं तर बाभळी आणि नाला.

फोटोचा डीपी डिस्प्ले पिक्चरचा. एमएसएन मेसेंजरवर हा शब्द होता, पुढं ब्लॅकबेरीवरून तो पोरांच्या तोंडी बसला. व्हॉट्सॲप स्वतः प्रोफाइल फोटो म्हणतं, पण आपल्याकडे ते कोणीही म्हणत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पंतप्रधानांनी डीपीला तिरंगा ठेवायला सांगितलं होतं तेव्हा अख्ख्या फॅमिली ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते नावं वाचूनच कळायचं. घरात कोणी वारलं की काळा डीपी. आणि एखाद्याचा डीपी अचानक दिसेनासा झाला, लास्ट सीन पण गायब, तर बहुतेक त्याने ब्लॉक केलंय, नाहीतर त्याच्याकडे आपला नंबर सेव्ह नाही.

शेअरवाल्यांचा डीपी वेगळा, डिपॉझिटरी पार्टिसिपंट, म्हणजे ज्या बँकेत किंवा ब्रोकरकडे डीमॅट खातं आहे तो. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर हे सुरू झालं, वर एनएसडीएल आणि सीडीएसएल या शेअर इलेक्ट्रॉनिक नोंदीत सांभाळणाऱ्या दोन डिपॉझिटऱ्या, आपण आणि त्यांच्यामध्ये हा डीपी. नवीन पोरं ब्रोकरेज शून्य बघून खातं उघडतात आणि शेअर विकल्यावर डीपी चार्जेस बघून चिडतात. ते फक्त डीमॅटमधून शेअर विकताना लागतात, खरेदीला नाही, आणि एका कंपनीचे एका दिवसात दहा विका की हजार, चार्ज एकदाच, म्हणून थोडे थोडे करून रोज विकणं महागात पडतं.

याशिवाय २००४ साली केंद्राच्या कर्मचाऱ्यांचा निम्मा महागाई भत्ता डीअरनेस पे म्हणून पगारात धरला, तो डीपी जुन्या पेन्शनरांना आठवतो, शूटिंगवाले मुख्य कॅमेरामनला डीपी, म्हणजे डायरेक्टर ऑफ फोटोग्राफी, म्हणतात, आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना इंटरव्ह्यूत घाम फोडतो तो कोडिंगमधल्या डायनॅमिक प्रोग्रामिंगचा.