'द लास्ट वॉल्ट्झ'चा तीन एलपींचा संच घेताना

हा तीन तबकड्यांचा संच म्हणजे 'द बँड' या रॉक गटाच्या निरोपाच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण. तो घेणारे बहुतेक ग्राहक आधी त्या मैफलीवरचा याच नावाचा चित्रपट पाहिलेले असतात. त्यामुळे घरी गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न येतो : सुरुवातीचं गाणं कुठे गेलं? संचात काही कमी नाही. चित्रपट 'डोन्ट डू इट'ने सुरू होतो, पण प्रत्यक्षात ते त्या रात्रीचं अखेरचं गाणं होतं आणि १९७८च्या मूळ संचात ते घेतलेलंच नाही. तेच हवं असेल, तर २००२चा चार सीडींचा संच मागा.

'द बँड'ची ही निरोपाची मैफल २५ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात झाली. थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाचा दिवस होता, म्हणून आयोजक बिल ग्रॅहॅम यांनी सुमारे पाच हजार श्रोत्यांना आधी टर्कीचं जेवण वाढलं. पाहुणे म्हणून बॉब डिलन, जोनी मिशेल, नील यंग, व्हॅन मॉरिसन असे एकाहून एक कलाकार आले होते.

आमचं ऐकाल तर सुई आधी तिसऱ्या बाजूवर ठेवा. तिथे ब्लूज गायक मडी वॉटर्सचं 'मॅनिश बॉय' आहे. मागे पॉल बटरफील्डचा माउथऑर्गन श्वास न तुटता घुमत राहतो. दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी सात कॅमेरे लावले होते, पण नेमक्या या गाण्याला बाकीचे फिल्म बदलण्यासाठी थांबले आणि एकच चालू राहिला. पडद्यावर मडींवरून नजर हटत नाही, ती त्यामुळेच. लगेच पुढच्या गाण्यात पाहुणा गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या गिटारचा पट्टा निसटतो, आणि 'द बँड'चा गिटारवादक रॉबी रॉबर्टसन ताल न सोडता सोलो उचलून घेतो. हे क्षण आम्ही कितीदा ऐकले असतील, तरी दरवेळी हातातलं काम थांबतं.

सहाव्या बाजूवर टाळ्या नाहीत, कारण ती स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली आहे. स्टेपल सिंगर्स या गायनगटाबरोबरचं 'द वेट' तिथलंच. मैफलीच्या गाण्यांवरही नंतर स्टुडिओत बरंच काम झालं, पण ती मुळात श्रोत्यांपुढची. म्हणून ही बाजू मैफलीला जोडून लावू नका, वेगळ्या दिवशी निवांत ऐका.

जुना संच घेताना तिन्ही तबकड्या बाहेर काढून उजेडात तिरप्या धरून पाहा. तिसरी बाजू सर्वांत जास्त वाजलेली असते. ती आम्ही तुमच्यासमोर पूर्ण लावून दाखवतो, आणि आवाज मोठाच ठेवतो.