मॉन्टूची गाठ दोन दिवसांनी का उठते?

क्षयरोगाच्या शंकेवरून इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या लॅबमध्ये मॉन्टू चाचणी, म्हणजे हाताच्या त्वचेत थोडा द्राव टोचून तिथे गाठ उठते का हे पाहण्याची तपासणी, करून घेतली, तर दोन सूचना हमखास मिळतात: हातावर बॉलपेनने आखलेले वर्तुळ पुसू नका आणि 48 ते 72 तासांच्या दरम्यान हात दाखवायला या. डास चावल्यावर गांधी मात्र काही मिनिटांत उठते, कारण त्वचेतल्या मास्ट पेशींत हिस्टामिन हे सूज आणणारे रसायन आधीच भरून ठेवलेले असते. मॉन्टूची गाठ निरनिराळ्या पेशींनी एकमेकींना बोलावून घडवलेली असते आणि त्या बोलावण्याला वेळ लागतो.

टोचलेल्या 0.1 मिलिलिटर द्रावात जिवंत जंतू नसतात, केवळ क्षयजंतूंपासून मिळवलेली प्रथिने असतात. त्वचेतल्या डेंड्रायटिक पेशी आणि मॅक्रोफेज या परके पदार्थ गिळणाऱ्या संरक्षक पेशी ती गिळतात आणि त्यांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडतात. शरीराचा क्षयजंतूंशी पूर्वी संबंध आलेला असेल, तर ती ओळख जपणाऱ्या मोजक्या टी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) रक्तातून फिरत असतात. त्यांतली एखादी तिथे पोहोचून तुकडा ओळखते, इंटरफेरॉन गॅमा हे संदेश देणारे प्रथिन स्रवते, त्याने मॅक्रोफेज चेतवले जातात आणि त्यांच्या संदेशांमुळे रक्तवाहिन्यांतून आणखी पेशी बाहेर पडून तिथे दाटतात. म्हणूनच लाली कितीही दिसली तरी मोजायचा असतो तो बोटाला लागणारा कडकपणाच. अर्थात गाठ आली म्हणजे क्षय झालाच, असे नव्हे. बीसीजी लसीमुळेही ती येऊ शकते.

फुप्फुसात हाच व्यवहार वर्षानुवर्षे चालतो. क्षयजंतू मॅक्रोफेजच्या पोटातही जगतो, आणि टी पेशींचे पाठबळ मिळाल्याखेरीज मॅक्रोफेजला तो आवरत नाही. दोघी मिळून जंतूंना ग्रॅन्युलोमा नावाच्या पेशीपुंजात कोंडून ठेवतात. एचआयव्हीने सीडी4 नावाच्या प्रकारच्या टी पेशी घटल्या की हा कोंडमारा सैल होतो, आणि रोग असूनही मॉन्टूची गाठ अनेकदा उठत नाही, ही त्यातली खरी फसगत.

संधिवाताभ संधिशोथात (रूमेटॉइड आर्थ्रायटिस) उलटे घडते. टीएनएफ हा ग्रॅन्युलोमा टिकवणारा संदेशच तिथे सांध्यांत अवाजवी स्रवतो आणि कूर्चा झिजवतो. तो अडवणारी औषधे सांध्यांना आराम देतात, पण फुप्फुसात कोंडलेल्या जंतूंनाही मोकळीक देतात. त्यामुळे ती सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयसंसर्गाची तपासणी होते आणि तो आढळल्यास आधी सहसा किमान महिनाभर प्रतिबंधक क्षयऔषधे दिली जातात.