विज्ञानकथेच्या विश्वातलं पितळ : निवड, वापर आणि काळजी

हे माहितीपत्रक चार प्रकारच्या ग्राहकांसाठी आहे: नाटक-चित्रपटांचे कलाविभाग, पोशाख स्वतः घडवणारे हौशी कलाकार, यानांची मॉडेल करणारे आणि आपल्या कथेतलं जग आतून नीट रचू पाहणारे लेखक. बहुतेक मागण्यांची सुरुवात एकच असते: "पितळी दिसायला हवं." त्यावर आमचा पहिला प्रश्न असा, की ती वस्तू तिथे पितळेचीच का आहे? त्याचं उत्तर ठरलं की मिश्रण, जाडी, जोड आणि रंग पटापट ठरतात. उत्तर नसेल तर डायल कितीही चकचकीत असो, ती वरून चिकटवलेलीच वाटते.

यानात पितळ असण्याची खरी कारणं

सगळ्यात भक्कम कारण म्हणजे स्पर्श. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. किमान ६० टक्के तांबं असलेल्या मिश्रधातूंवर जंतू फार काळ जगत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये अशा तांबेयुक्त मिश्रधातूंची जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून अधिकृत नोंद केली; दोन तासांत ९९.९ टक्के जिवाणू मरतात, असा तो दावा आहे. वर्षानुवर्षं तीच हवा आणि तेच कठडे वापरणाऱ्या बंदिस्त यानात दाराच्या मुठी, शिडीचे दांडे, नळाच्या चाव्या पितळेच्या असणं अगदी सयुक्तिक आहे. मात्र अशा भागांवर लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक थर) मारू नका. लॅकरखाली धातूला हात लागत नाही आणि गुण संपतो. म्हणजे हातांनी घासलेला, मध्ये उजळ आणि कडांना काळपट असा दांडाच इथे खरा.

दुसरं, पितळेवर आघात झाला तर लोखंडासारखी ठिणगी उडत नाही. इंधनाच्या कोठारातल्या हातोड्या, पाने, झाकणं यांना हे लागू पडतं. तिसरं, ते चुंबकाला चिकटत नाही, म्हणून होकायंत्र आणि चुंबकमापकाच्या शेजारचे स्क्रू व कंस पितळेचे ठेवता येतात. ऑक्सिजनच्या झडपाही पितळेच्या असतात, कारण दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये पोलाद पेट घेऊ शकतं, पितळ सहसा घेत नाही. तुमच्या अंतराळपोशाखाच्या पाठीवरची झडप पितळी असेल तर कोणी तंत्रज्ञ हरकत घेणार नाही.

थंडीतही ते साथ देतं. साधं पोलाद कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतं, पितळ होत नाही. शनीच्या टायटन या चंद्रावर उणे १७९ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असतं, तिथेही पितळी बिजागरी फुटणार नाही. पण हातातली उष्णता ते स्टेनलेस स्टीलच्या कितीतरी पट वेगाने ओढून घेतं. म्हणून थंड जगातल्या मुठीला चामडं किंवा लाकूड गुंडाळलेलं दाखवा.

आता आमच्या आवडीचा उपयोग. पितळ तापलं की पोलादापेक्षा जास्त फुगतं: १ मीटर लांबीची सळई १०० अंशांनी तापली तर पितळ सुमारे २ मिमी वाढतं, पोलाद सुमारे १.२ मिमी. दोन्हींच्या प्रत्येकी ०.५ मिमी जाड आणि १०० मिमी लांब पट्ट्या पाठीला पाठ लावून पक्क्या जोडल्या आणि एक टोक आवळून धरलं, तर ५० अंशांच्या फरकाने मोकळं टोक जवळजवळ ३ मिमी सरकतं, पोलादाच्या बाजूला. वीज नाही, संगणक नाही, तरी झडप उघडते, घंटा वाजते, काटा फिरतो. सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बंद पडलेल्या यानात शेवटपर्यंत चालू राहणारी वस्तू हवी असेल तर ती हीच. इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकात पितळ आणि पोलादाच्या सळया आलटून-पालटून लावून लंबकाची लांबी कायम राखली, त्यामागेही हाच फरक होता. ही पट्टी करताना जोड अखंड हवा. दोनच टोकांना रिबेट मारले तर पट्ट्या मध्ये सुटून फुगतात आणि टोक जागचं हलत नाही. पूर्ण पृष्ठभागावर डाग द्या (म्हणजे सोल्डरने जोडा), किंवा दर १० मिमीला एक रिबेट घ्या.

हाच गुण दातेरी चाकांत उलटतो. पोलादी आसावर १०० मिमी व्यासाचं पितळी चाक बसवलं आणि ते चंद्राच्या विषुववृत्तावर उघड्यावर ठेवलं, तर दिवस-रात्रीच्या साधारण २५० अंशांच्या फरकात पितळेचा व्यास त्याच मापाच्या पोलादापेक्षा सुमारे ०.१९ मिमी जास्त बदलतो. दाते अगदी चपखल बसवलेले असतील तर ते एका वेळेला अडकतात आणि दुसऱ्या वेळेला सैल पडतात. उघड्यावरची यंत्रं दाखवताना दात्यांत फट ठेवा.

जिथे पितळ नकोच

पहिला शत्रू अमोनिया. वाकवलेल्या, ठोकलेल्या, ओढलेल्या पितळेत आत ताण उरलेला असतो. त्याला ओलावा आणि थोडासा अमोनिया मिळाला की धातू कणांच्या सीमांवरून चिरत जातो. वरून भाग नवा दिसतो आणि एका रात्रीत उभी भेग पडते. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश लष्कराच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात अशाच चिरत. घोड्यांच्या पागांतून येणारा अमोनिया आणि पुंगळीतला ताण ही दोन कारणं मिळून तसं होतं, हे १९२१ मध्ये स्पष्ट झालं. यानात हीच परिस्थिती पुन्हा उभी राहते. मूत्र कुजलं की अमोनिया होतो, म्हणून शौचालय, पाणी शुद्ध करण्याची खोली आणि जनावरं ठेवलेला कक्ष इथे ताणलेलं पितळ नको. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेरच्या शीतकरण नळ्यांतही अमोनियाच फिरतो. तुमच्या यानात तीच पद्धत असेल तर त्या नळ्यांचे जोड पितळेचे दाखवू नका. शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावरच्या फवाऱ्यांत कॅसिनी यानाला अमोनिया सापडला होता, म्हणजे तिथल्या समुद्रात उतरणाऱ्या पाणबुडीलाही हा नियम लागू.

दुसरी जागा म्हणजे तापलेलं निर्वात. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आणि निर्वातात त्याच्या खूप आधीच पृष्ठभागावरून उडू लागतं. उडालेलं जस्त जवळच्या थंड भिंगावर, आरशावर किंवा विद्युतरोधकावर जाऊन बसतं. भिंग धुरकटतं, विद्युत मंडल चुकीच्या जागी जोडलं जातं. इंजिनाजवळच्या दुर्बिणीची नळी पितळेची असेल तर कथेतल्या तंत्रज्ञाला तक्रार करायला जागा आहे. आतल्या, हवा भरलेल्या भागातल्या दुर्बिणीला काही अडचण नाही.

कोमट खारं पाणी संथ साचलं की जस्त विरघळून जातं आणि लालसर, सच्छिद्र तांबं मागे राहतं. आकार तोच, ताकद गेलेली. समुद्री कामासाठी सुमारे १ टक्का कथील आणि किंचित आर्सेनिक घातलेलं पितळ वापरतात, ते याचसाठी. पारा आणि ॲसिटिलीन वायू यांच्याशीही पितळेचा संबंध टाळावा.

जस्त येणार कुठून?

लेखक हा प्रश्न सहसा सोडून देतात, पण कथेला तो फार देतो. जस्त चटकन वाफ होणारं, आणि चंद्रावरच्या खडकांत ते अगदी कमी आढळतं. म्हणजे चंद्रावरच्या वसाहतीत ॲल्युमिनियम आणि लोखंड जागेवर मिळेल, पितळ मात्र बाहेरून आणावं लागेल. तिथे पितळी दिवा ही श्रीमंती ठरते आणि फुटलेल्या नळाचा तुकडासुद्धा कोणी टाकून देत नाही. खनिजातून जस्त भट्टीत काढतानाही ते वाफ होऊनच बाहेर येतं, म्हणून बंद मूस आणि वाफ थंड करणारी नळी लागते. नुसती उघडी भट्टी दाखवली तर जस्त हवेत जळून पांढरी पूड होईल.

मिश्रण आणि जाडी

वाकवायचं, खोलगट करायचं, ठोकून उठाव द्यायचा असेल तर ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेलं पितळ घ्या. लेथवर कातायचे गोल भाग, चाव्या, आटे पाडलेले स्क्रू यांसाठी फ्री कटिंग सळई: ५८ टक्के तांबं, ३९ टक्के जस्त, ३ टक्के शिसं. तिचा चुरा बारीक तुटून पडतो, कड स्वच्छ येते. पण ती थंड असताना वाकवायला गेलात तर तडकते. शिशामुळे ती तोंडात धरायच्या वस्तूंसाठी आम्ही देत नाही. लालसर सोनेरी छटा हवी तर ८५ टक्के तांबं आणि १५ टक्के जस्त.

१ मिमी जाडीचा पितळी पत्रा चौरस मीटरला सुमारे ८.५ किलो भरतो. म्हणजे ३० × २० सेंटीमीटरचं नियंत्रणफलक अर्धा किलोचं, आणि ०.८ मिमी पत्र्याचं पूर्ण शिरस्त्राण सहज दीड किलोच्या पुढे. दोन तास डोक्यावर घालायच्या शिरस्त्राणासाठी आम्ही स्पष्ट सांगतो: कवच प्लास्टिकचं करा, आणि कडा, रिबेट, चष्म्याच्या कड्या तेवढ्या खऱ्या पितळेच्या लावा. नजर तिथेच जाते. शोभेच्या पट्ट्यांना ०.५ मिमी पुरे, स्क्रू बसवायच्या फलकाला १.२ मिमी घ्या.

हातकाम करताना

पातळ पितळेत साधं ड्रिल एकदम आत घुसतं आणि पत्रा पात्यावर चढून गरगर फिरतो; बोटं कापण्याचं हे नेहमीचं कारण. ड्रिलच्या दोन्ही कापत्या कडांची पुढची बाजू धार लावायच्या दगडाने किंचित सपाट करा. एवढ्याने ते घुसण्याऐवजी खरवडत जातं. खाली लाकूड ठेवा, वरून पत्रा आवळा. ३ मिमीच्या आट्यांसाठी २.५ मिमीचं भोक, ४ मिमीसाठी ३.३.

वाकवताना पत्रा कडक झाला तर अंधाऱ्या जागेत मंद लाली दिसेपर्यंत तापवा आणि थांबा. पांढरा धूर दिसला तर जस्त जळतंय. तो धूर श्वासात गेला की काही तासांनी ताप भरतो. खिडकी उघडी असायलाच हवी. मऊ डाग (कमी तापमानाला वितळणारं सोल्डर) दिल्यावर फ्लक्स, म्हणजे डाग धरावा म्हणून लावलेला लेप, गरम पाण्याने आणि ब्रशने पूर्ण काढा, नाहीतर आठवड्याभरात जोडाभोवती हिरवा पट्टा उमटतो.

कॅमेऱ्यासमोर आरशासारखं पॉलिश टाळा. दिवे आणि माणसं त्यात दिसतात. ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने एकाच दिशेने रेघा ओढलेलं पितळ पडद्यावर जास्त धातूसारखं दिसतं.

जुनाट रंग आणायचा असेल तर

१. पत्र्यावर कारखान्याचं लॅकर असेल तर ॲसिटोनने काढा.

२. साबण आणि बारीक पॉलिशपेपरने घासा. पाणी ओतल्यावर ते अखंड पसरायला हवं. थेंब थेंब जमले तर तेल शिल्लक आहे आणि तिथे डाग पडेल.

३. वाकवलेला भाग २५० ते ३०० अंशांवर तासभर ठेवून हळूहळू निवू द्या. यामुळे आतला ताण जातो. ही पायरी गाळली तर पुढचा अमोनिया रंग देता देता भागच चिरतो. मऊ डाग २०० अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून डाग या पायरीनंतरच द्या.

४. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात तळाला अमोनियाचं पाणी घाला, वर मिठाचं पाणी शिंपडलेला भाग दोऱ्याने टांगा. द्रवाला तो टेकू देऊ नका. आधी तपकिरी, मग निळसर हिरवा रंग येतो. दर तासाला बघा. हे काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून करा, आणि अमोनियात ब्लीच कधीही मिसळू नका. विषारी वायू होतो.

५. धुऊन पूर्ण वाळवा आणि मेण लावा. लॅकरने हा रंग गडद होतो आणि निळेपणा बराचसा जातो, म्हणून आधी तुकड्यावर पाहा.

गंधकाचं द्रावण तांब्यावर झटकन काळं चढतं, पितळेवर मात्र फिकं आणि ठिपक्याठिपक्यांचं राहतं. त्यावर वेळ घालवू नका.

मागणी देताना

आराखड्यासोबत एवढं कळवा: वस्तू कथेत कोणतं काम करते, हवेत आहे की निर्वातात, हाताळली जाते की लांबून दिसते, किती वेळ अंगावर असते, आणि ती नवी हवी की वापरलेली. वापरलेली हवी असेल तर ती कोण, कुठल्या हाताने आणि कुठे धरतं हेही लिहा. झीज आम्ही तिथेच देतो. लॅकर हवं की नको ते वेगळं नोंदवा. तयार भाग हातात आल्यावर चुंबक लावून पाहा. चिकटला तर तो लोखंडावरचा मुलामा आहे, आणि असा भाग आमच्याकडून आला असेल तर परत पाठवा, बदलून मिळेल.