चष्म्याचा नंबर आणि डोळ्याची नस

नंबर बरोबर असला की प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर नीट पडतो. पडद्यावरचं मेंदूपर्यंत पोहोचवते ती डोळ्याची नस. एकेका नसेत साधारण 10 ते 12 लाख तंतू असतात.

ही नस डोळ्यातून बाहेर पडते त्या जागी काहीच दिसत नाही. घरी करून बघा. कागदावर एक फुली काढा, तिच्या उजवीकडे 8 सेंटिमीटरवर ठसठशीत ठिपका. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीवरच नजर ठेवा आणि कागद हळूहळू जवळ आणा. फूटभर अंतरावर ठिपका नाहीसा होईल. घाबरू नका, हे सगळ्यांचंच असतं.

पुढे मेंदूच्या तळाशी दोन्ही नसा एकत्र येतात. नाकाकडचे तंतू बाजू बदलतात, कानाकडचे बदलत नाहीत. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं जे दिसतं ते मेंदूच्या डाव्या अर्ध्यात जातं आणि डावीकडचं उजव्या अर्ध्यात. म्हणूनच ‘उजव्या डोळ्याने दिसत नाही’ असं कुणी सांगितलं की आम्ही चष्म्याचे दुकानदार आधी एकेक डोळा झाकायला लावतो. कुठलाही डोळा झाकला तरी उजवीकडचंच दिसत नसेल, तर दोष बहुधा मेंदूकडे असतो. तिथे नवा चष्मा कामाचा नाही. हे अचानक झालं असेल तर दुकानात येऊ नका, तडक रुग्णालय गाठा.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती काचबिंदूची. त्यात नसेचे तंतू हळूहळू मरतात. बहुतेकांना दुखत नाही, कडेची नजर आधी जाते आणि मधली बरीच वर्षं शाबूत राहते. तक्त्याची शेवटची ओळ वाचणाऱ्यालाही तो असू शकतो! मोतीबिंदू काढला की पुन्हा दिसतं, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रियेने उरलेली मात्र वाचवता येते.

आम्ही नंबर काढतो, नस तपासायची ती नेत्रतज्ज्ञांनी. चाळिशीचा चष्मा लागला की एकदा त्यांच्याकडे जाच. आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, स्टेरॉइडचे थेंब बरेच दिवस घातले असतील, तर चाळिशीची वाट पाहू नका. नुसता डोळ्याचा दाब मोजून परतू नका, कारण दाब ठीक असतानाही काहींची नस खराब होते. ‘नस बघा’ असं स्पष्ट सांगा. बाहुली मोठी करायला थेंब घालतील आणि काही तास धूसर दिसेल, म्हणून गाडी चालवायला कुणाला तरी बरोबर न्या.